सोमवार ते शनिवार: धर्मग्रामातली सेवा आणि रोजची प्रार्थना एका धाग्यात कशी ओवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे कॅथलिक सामूहिक उपासनेला, न चुकता जातो, पण सोमवारपासून त्यातलं काही हाती उरत नाही. नोकरी आणि घर सांभाळून धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या स्थानिक समुदायात, काहीतरी सेवा करायची इच्छा आहे. प्रार्थनेला बसलं की पाच मिनिटांत मन भरकटतं. सुरुवात कुठून करू?’

बहुतेक जण सुरुवातीलाच दोन वेगवेगळे संकल्प करतात. रोज अर्धा तास प्रार्थना हा एक, आणि धर्मग्रामात दोन-तीन समित्यांचं काम हा दुसरा. महिनाभरात दोन्ही एकमेकांचा वेळ खाऊ लागतात. सेवेमुळे प्रार्थना राहते, आणि प्रार्थना राहिल्याची टोचणी लागली की सेवेचाच राग येऊ लागतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे: एकच सेवा घ्या, आणि रोजची प्रार्थना त्या सेवेतूनच उगवू द्या. वाचक, म्हणजे मिस्सात बायबलचा उतारा मोठ्याने वाचणारे, असाल तर आठवडाभर त्या वाचनावर प्रार्थना करा. आजाऱ्यांकडे जात असाल तर त्यांची नावं घेऊन करा. मुलांना धर्मशिक्षण देत असाल तर पुढच्या पाठातला उतारा आधी स्वतः देवापुढे वाचा. मग वेळ दोनदा काढावा लागत नाही.

सेवा निवडताना दोन गोष्टी बघा. तिचा दिवस ठरलेला असावा, आणि तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडणार असावं. ‘जमेल तेव्हा मदत करेन’ अशी सेवा सहसा तीन महिन्यांपलीकडे टिकत नाही. फादरांकडे जाऊन ‘मला काय द्याल?’ असं विचारण्याऐवजी ‘सध्या माणूस कुठे कमी पडतोय?’ असं विचारा. उत्तर बहुधा वेदीवरच्या सेवेचं नसतं. मिस्सानंतर बाकं आवरणं, वेदीची वस्त्रं धुणं, दारात उभं राहून म्हाताऱ्या माणसांना जागेपर्यंत नेणं, दानाची मोजणी ही कामं असतात. ती कमी प्रतीची नाहीत. एका वर्षासाठी हो म्हणा, वर्ष संपलं की फादरांशी बोलून पुढचं ठरवा. मुदत ठरलेली असली की माणूस अपराधी न वाटता थांबू शकतो, आणि जागा अडवूनही बसत नाही. घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेले आईवडील असतील तर तीच तुमची पहिली सेवा आहे. बायबलमधल्या, तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात घरच्यांची काळजी न घेणाऱ्याविषयी फार कडक शब्द आहेत. ते वाचूनच धर्मग्रामाला किती तास द्यायचे ते ठरवा.

वाचकाची सेवा जरा तपशिलात सांगतो, कारण सबंध आठवडा एका सेवेभोवती कसा बांधायचा हे तिच्यात स्पष्ट दिसतं. तुम्ही वाचक नसलात तरी हाच आठवडा पाळू शकता.

रविवारी मिस्सात वाचले जाणारे बायबलचे उतारे, म्हणजे वाचनं, तीन वर्षांच्या चक्रात येतात. त्यांतलं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, वर्षागणिक बदलतं. ‘अ’ वर्षी मुख्यतः मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक. योहानाचं शुभवर्तमान प्रायश्चित्तकाळात (ईस्टरच्या तयारीच्या आठवड्यांत) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) जास्त येतं, आणि मार्क लहान असल्यामुळे ‘ब’ वर्षाच्या मधल्या काही रविवारी योहानाचा सहावा अध्याय लागतो. चालू वर्ष कोणतं हे काढायची सोपी खूण आहे: सनाच्या आकड्याला तीनने पूर्ण भाग गेला तर ते ‘क’ वर्ष. 2025 ला भाग जातो, म्हणून ते ‘क’, आणि 2026 ‘अ’. मात्र उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आगमनकाळाच्या (नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला बदलतं. चुकीच्या वर्षाचं पान उघडलं जाण्याचा घोटाळा याच रविवारी सर्वात जास्त होतो.

सोमवारी आधी शुभवर्तमान वाचा, स्वतःचं वाचन नंतर. सामान्यकाळात (सणांच्या काळांबाहेरच्या आठवड्यांत) जुन्या करारातलं पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असं निवडलेलं असतं, त्यामुळे शुभवर्तमान माहीत असलं की पहिल्या वाचनातला कोणता शब्द महत्त्वाचा हे आपोआप कळतं. दुसरं वाचन मात्र स्वतंत्र चालतं. एकच पत्र ओळीने काही रविवार पुढे सरकत असतं, म्हणून तिथे ओढूनताणून संबंध लावू नका. मंगळवारी बायबल उघडून त्या उताऱ्याच्या मागची आणि पुढची दहा-दहा वचनं वाचा. बोलतोय कोण, कुणाशी, संकटात की आनंदात, हे तिथे सापडतं. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातलं ‘सांत्वन करा’ हे निर्वासित झालेल्या लोकांना उद्देशून आहे, हे कळल्यावर ते वाक्य सूचना वाचल्यासारखं वाचता येत नाही.

बुधवारी त्याच उताऱ्यावर प्रार्थना. पद्धत जुनी आहे, बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या कार्थुशियन (एकांतवासी संन्याशांच्या संघातल्या) मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या नीट मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग देवासमोर नुसतं शांत राहणं. पंधरा मिनिटं पुरतात. उतारा दोनदा सावकाश वाचा. मनाला जो शब्द अडतो तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. त्या शब्दाविषयी देवाला जे म्हणावंसं वाटतं ते साध्या भाषेत म्हणा. शेवटची तीन मिनिटं काहीच बोलू नका. दुसऱ्या पायरीवर लोक अडकतात, कारण त्यांना उताऱ्याचा अर्थ लावत बसायचा असतो. अर्थाचं काम मंगळवारी झालेलं आहे, बुधवारी ते पुन्हा काढू नका.

गुरुवारी प्रतिसाद स्तोत्र, म्हणजे पहिल्या वाचनानंतर लोक ज्याला प्रतिसाद देतात ते स्तोत्र, घ्या. शुक्रवारी उतारा मोठ्याने वाचा आणि पेन्सिलीने थांबे मारा. पौलाच्या पत्रांत एकेक वाक्य पाच-सहा ओळींचं असतं. तिथे आधी क्रियापद शोधा, त्याच्याखाली रेघ ओढा, आणि श्वास कुठे घ्यायचा ते ठरवा. अवघड नावं तीनदा उच्चारून बघा, फादरांना विचारून घ्या. शनिवारी उभं राहून, चर्चमध्ये वाचाल त्याच आवाजात एकदा.

रविवारी वीस मिनिटं आधी पोचा. वाचनग्रंथाचं पान उघडून स्वतः तपासा, दुसऱ्याने खूण लावली असली तरी. माइक तोंडापासून साधारण एक वीत ठेवा आणि त्यावर फुंकर किंवा टिचकी मारू नका. वाचनमंचाकडे गेल्यावर लोक बसून खोकून शांत होईपर्यंत थांबा. लाल अक्षरांत छापलेलं काही वाचायचं नसतं. ‘पहिलं वाचन’, ‘प्रतिसाद स्तोत्र’ अशी घोषणाही करायची नसते. सर्वात सर्रास दिसणारी चूक म्हणजे वाक्याच्या शेवटी आवाज पडणं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आवाज पडला की नेमकं काय घडलं तेच मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. शेवटचं वाक्य झालं की मनात तीन आकडे मोजा आणि मगच ‘प्रभूचा शब्द’ म्हणा. तो थांबा नसेल तर लोकांचा प्रतिसाद सवयीने येतो, ऐकून येत नाही. श्रद्धावंतांच्या प्रार्थना (मिस्सात सगळ्यांसाठी केल्या जाणाऱ्या विनंत्या) लिहायची वेळ आली तर क्रम ठरलेला आहे: ख्रिस्तसभा (जगभरचं चर्च), राज्यकर्ते आणि जग, दुःखाने दबलेले लोक, आणि शेवटी आपला धर्मग्राम. प्रत्येक प्रार्थना एका वाक्याची ठेवा. प्रवचनात राहून गेलेलं भरून काढायची ती जागा नव्हे.

आता रोजच्या प्रार्थनेचा सांगाडा. सकाळी दहा मिनिटं, दुपारी एक, रात्री पाच. नोकरी करणाऱ्याला सुरुवातीला इतकंच पुरे, आणि बुधवारची पंधरा मिनिटं सोडली तर सहा महिने यात वाढ करू नका. सकाळची प्रार्थना फोन हातात घेण्याआधी व्हावी. एकदा बातम्या आणि निरोप डोळ्यांसमोरून गेले की ती दहा मिनिटं त्यांचीच होतात. जागा एकच ठरवा: एक खुर्ची, समोर क्रूस, बायबल उघडलेलं. क्रूसाची खूण, आजचा दिवस देवाला अर्पण करणारी दोन वाक्यं, एक स्तोत्र, आठवड्याच्या उताऱ्यातली दोन-तीन वचनं, मग नावं. नावं कागदावर असू द्या आणि सातपेक्षा जास्त नकोत. यादी तीस नावांची झाली की तोंड चालतं आणि माणूस आठवत नाही. दुपारी बाराला देवदूताची प्रार्थना, तीन वचनं आणि तीन नमो मरिया (मरियेला उद्देशून असलेली छोटी प्रार्थना). जिन्यातून उतरतानाही होते. पुनरुत्थानकाळात तिच्या जागी ‘स्वर्गाच्या राणी’ ही प्रार्थना म्हणतात.

रात्रीची पाच मिनिटं म्हणजे दिवसाची उजळणी. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी तिचे पाच टप्पे दिले आहेत: आभार, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, दिवस आठवणं, क्षमा मागणं, उद्यासाठी एक निश्चय. प्रत्येकाला साधारण मिनिटभर. हिच्यात बिघाड होतो तो एकाच ठिकाणी, माणूस पहिला टप्पा गाळून थेट चुकांवर येतो. मग उजळणी रोजची शिक्षा होऊन बसते आणि आठवड्यात सुटते. आभार मानताना ठोस गोष्ट घ्या: सकाळी कुणी बसायला जागा दिली, मुलाचा ताप उतरला. निश्चयही तितकाच ठोस हवा. ‘उद्या प्रेमाने वागेन’ हा निश्चय कधी पाळलाच जात नाही. ‘उद्या सकाळी दहाच्या आत अमक्याला फोन करून माफी मागेन’ हा पाळता येतो.

रोजरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, या सांगाड्यावर ओझं म्हणून लादू नका. पूर्ण माळेला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. तेवढी नसतील तर एक दहाची माळ (दहा नमो मरियांचा एक भाग) नीट म्हणा. माळेबरोबर येशू आणि मरियेच्या जीवनातल्या घटनांवर मनन करतात, त्यांना रहस्यं म्हणतात: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली सुचवली. गुडघे टेकून म्हणायचा हट्ट नको, चालताना ती उलट छान लयीत येते.

मन भरकटतं, त्याविषयी. भरकटणं हे पाप नाही आणि प्रार्थना फसल्याची खूणही नाही. लक्षात आलं की परत वचनाकडे या, तेवढंच करायचं. दहा मिनिटांत वीसदा परत यावं लागलं तर वीसदा देवाकडे वळलात असं समजा. एकच विचार पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याच्याशी झगडू नका. तो माणूस असेल तर त्याचं नाव यादीत लिहा, काम असेल तर बाजूच्या कागदावर टिपून टाका. झोप येत असेल तर उभं राहा, आणि आठवडाभर येत राहिली तर वेळ बदला. झोप अपुरी असेल तर आधी ती भरा.

कोरडेपणा ही वेगळी गोष्ट. आठवडेच्या आठवडे प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. तेव्हा तीन गोष्टी तपासा: शरीर थकलंय का, कुणाशी बिनसलंय आणि ते मिटवलं नाही का, एखादं पाप सांगायचं टाळताय का. पहिल्याला विश्रांती हवी, दुसऱ्याला भेट, तिसऱ्याला प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापनिवेदन. तिन्ही नसेल तर तीच वेळ, तीच जागा धरून राहा. इग्नातींचा सल्ला आहे की निराशेच्या काळात आधी केलेले निश्चय बदलू नयेत, आणि प्रार्थनेची ठरलेली वेळ कापण्याऐवजी थोडी वाढवावी. अशा वेळी 13 वं किंवा 88 वं स्तोत्र घ्या. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेत आहे. तुमच्याकडे शब्द नसतील तेव्हा ते शब्द वापरा. मात्र कोरडेपणा प्रार्थनेपुरता न राहता झोप, भूक, काम सगळ्यावर पसरला असेल तर फादरांइतकीच डॉक्टरांचीही गरज आहे, आणि तिथे जाण्यात श्रद्धा कमी पडल्यासारखं काही नाही.

आजाऱ्यांना घरी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर, म्हणजेच ख्रिस्तशरीर) नेण्याची सेवा फादरांच्या विनंतीवरून सुरू होत असली तरी तिला धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) नियमाप्रमाणे नेमणूक लागते. ती मिळाली की या गोष्टी सांभाळा. ख्रिस्तशरीर ठेवायची छोटी डबी गळ्यात अडकवलेल्या पिशवीत, छातीशी. खिशात किल्ल्यांबरोबर नाही, पर्समध्ये नाही. चर्चमधून निघालात की थेट त्या घरी. वाटेत खरेदी नको, गप्पा नकोत, कुणी भेटलं तर नुसतं हात जोडून पुढे. त्या घरी आदल्या दिवशी फोन करून एक लहान टेबल, पांढरं कापड, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी तयार ठेवायला सांगा. आजारी माणसाला ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही.

आत गेल्यावर ‘या घराला शांती असो’, पश्चात्तापाची छोटी प्रार्थना, शुभवर्तमानातली चार-पाच वचनं, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, मग ‘पाहा, देवाचा कोकरा’ आणि कम्युनियन. गिळायला त्रास असेल तर अगदी लहान तुकडा द्या आणि लगेच दोन घोट पाणी. आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला कम्युनियनआधीच्या एका तासाच्या उपवासाचं बंधन नसतं, हे त्यांना आवर्जून सांगा, कित्येक जण औषध न घेता वाट बघत बसलेले असतात. तोंडातून बाहेर आलं तर घाबरू नका. स्वच्छ कापडात घेऊन चर्चमध्ये परत न्या आणि फादरांना सांगा, पुढचं ते करतात. नंतर मिनिटभर खरोखर शांत बसा. शेवटी तुम्ही धर्मगुरूसारखा हात उचलून आशीर्वाद द्यायचा नसतो. स्वतःवर क्रूसाची खूण करत ‘प्रभू आम्हांला आशीर्वाद देवो’ असं म्हणायचं. ख्रिस्तशरीर उरलं तर टॅबरनॅकलकडे (ते ठेवायच्या चर्चमधल्या पेटीकडे) परत, घरी नाही.

त्या घरात तुम्ही डोळेही उघडे ठेवायला हवेत. पापनिवेदन आणि रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) धर्मगुरूच देऊ शकतात, आणि रुग्णाभ्यंग हा फक्त शेवटच्या श्वासाचा संस्कार आहे ही समजूत अजून घट्ट आहे. गंभीर आजार, म्हातारपणाची क्षीणता, मोठी शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही समोर असेल तर तो मागता येतो. शस्त्रक्रियेची तारीख कळली की त्याच दिवशी फादरांना सांगा. आणि घरात जे दिसलं, ऐकलं, ते घरातच ठेवा. ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा, सून नीट बघत नाही’ ही प्रार्थनेची विनंती नाही, चुगली आहे.

गरिबांच्या घरी भेट देणाऱ्यांनी जोडीनेच जावं. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली, त्यातून संत व्हिन्सेंट द पॉल संस्था उभी राहिली, आणि दोघांनी मिळून घरभेट ही तिची रीत आजही आहे. कारण व्यवहारी आहे: एक बोलतो, दुसरा बघतो, दिलेल्या शब्दाला साक्षीदार असतो. शब्द देताना तारीख द्या आणि ती पाळा. पहिल्या भेटीत उपदेश नको, कागदपत्रांचे प्रश्नही नकोत. हाच जोडीचा नियम पैशाला आणि मुलांना लागू आहे. दान दोघांनी मिळून मोजायचं, दोघांच्या सह्या. लहान मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास असला तरीही.

सेवा करणाऱ्याचं एक हमखास नुकसान होतं: मिस्सामध्ये तो कामात असतो, प्रार्थनेत नसतो. गायकाचं लक्ष पुढच्या गाण्याच्या पानावर, वेदीची तयारी बघणाऱ्याचं संपत आलेल्या मेणबत्तीवर. यावर उपाय दोन. सगळी तयारी मिस्साच्या दहा मिनिटं आधी संपवायची आणि ती दहा मिनिटं बाकावर बसायचं, सॅक्रिस्टीत (वेदीच्या तयारीच्या खोलीत) बोलत नाही. आणि महिन्यातून एक मिस्सा अशी घ्यायची जिच्यात तुमच्याकडे कोणतंही काम नाही. एकाच दिवशी दोन मिस्सांना सेवा असेल तर दुसऱ्या वेळीही कम्युनियन घेता येतं, फक्त त्या मिस्सात तुम्ही सहभागी असायला हवं. नुसतं कम्युनियनच्या वेळी आत शिरून नाही.

दुसरं नुकसान मालकीचं. ‘माझं वाचन’, ‘आमचा रविवार’. कुणी नवीन आलं की मन आक्रसतं. हे रात्रीच्या उजळणीत सापडलं तर महिन्याच्या पापनिवेदनात नेमक्या शब्दांत सांगा: ‘माझी जागा दुसऱ्याला दिली म्हणून मी त्याच्याशी तीन आठवडे बोललो नाही.’ ‘मी गर्विष्ठ आहे’ एवढंच म्हटलं तर पुढे बदलायला काही हाताला लागत नाही. भांडण झालंच तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम पाळा: आधी एकट्याने एकट्याशी, मग एक-दोघांना घेऊन, आणि मगच इतरांपुढे. ग्रुपवर लिहिणं ही त्यातली कोणतीच पायरी नाही. समितीत असाल तर हेही माहीत असू द्या की धर्मग्रामाची आर्थिक समिती चर्चच्या कायद्याने सक्तीची आहे, आणि पाळकीय परिषदेचं (धर्मग्रामाच्या कामाविषयी फादरांना सल्ला देणाऱ्या मंडळाचं) मत सल्ल्याचं असतं. निर्णय फादरांचा. सल्ला मानला गेला नाही म्हणजे अपमान झाला असं नाही.

प्रार्थनेचा एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. जिथे असाल तिथून पुढची वेळ धरा. सेवेला जाता येणार नसेल तर बदली माणूस स्वतः शोधा आणि त्याचं नाव सांगूनच सुट्टी मागा.

एक गट नेहमी विसरला जातो: ज्यांना घराबाहेरच पडता येत नाही. त्यांना कम्युनियन नेऊन भागत नाही, कामही न्या. बाप्तिस्म्याची किंवा पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलांपैकी दोन नावं, लग्न ठरलेल्या एका जोडप्याचं नाव, जाड अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या उशाशी ठेवा आणि रोज एक दहाची माळ त्या नावांसाठी मागा. ज्यांची नावं लिहिणार त्यांच्या घरच्यांची आधी परवानगी घ्या. आणि बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, की त्याच संध्याकाळी घरी असलेल्या त्या आजाऱ्यांना फोन करून सांगा. म्हणजे त्यांना ते नाव खोडून पुढचं लिहिता येईल.